जुन्या छपाई यंत्राची खरी किंमत

प्रत्येक बाजारपेठेत पाट्या, फलक आणि स्टिकर तयार करून देणारी लहान दुकाने असतात. रेडियम कटिंगचा एक प्लॉटर, सनबोर्ड व ॲक्रिलिक कापण्याची साधने, एलईडी पाटी जोडण्याचे सामान आणि एक संगणक एवढ्यावर त्यांचा व्यवसाय चालतो. मोठ्या आकाराची रंगीत छपाई मात्र दुसरीकडून करून आणावी लागते. ज्याच्याकडे यंत्र आहे तो साहजिकच स्वतःचे काम आधी उरकतो. बाहेरचे काम रात्री उशिरा हाती येते, रंगात फरक पडला तरी बोलता येत नाही, आणि गिऱ्हाइकाचे बोलणे दुकानदाराला ऐकून घ्यावे लागते. अशा वेळी कोणी चालू स्थितीतील जुने यंत्र देऊ केले की मन तिकडे धाव घेते.

सांगलीसारख्या शहरातील असेच एक दुकान डोळ्यांसमोर आणावे. खाली दुकान, वर घर. वडिलांनी पाट्या रंगवण्यापासून सुरुवात केलेली, मुलगा संगणकावर तयार झालेला. नात्यातील एका गृहस्थांकडे पाच फुटी इको-सॉल्व्हंट यंत्र विकाऊ आहे. मागणी साडेतीन लाख रुपये. थोडी रक्कम कॅश क्रेडिटमधून आणि उरलेली मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून उभी करायची, असा विचार घरात सुरू आहे. कागदपत्रांचा विषय निघाला तेव्हा विकणारे गृहस्थ हसून म्हणाले, “अण्णा, घरातल्या घरात कागद कशाला?”

या प्रसंगात तीन निर्णय एकत्र गुंतले आहेत: यंत्र घ्यावे का, हेच यंत्र घ्यावे का, आणि कोणत्या पैशाने घ्यावे. बहुतेक घरांत दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात होते, म्हणजे आधी यंत्र पाहिले जाते. वास्तविक पहिल्या प्रश्नाचे उत्तर यंत्र न पाहता, वहीतूनच मिळते.

प्रथम किंमत पाहू. पुढील आकडे उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे दर घालून हीच मांडणी करावी. यंत्राची मागणी ३,५०,००० रुपये. छपाईचे हेड बदलावे लागेल असे गृहीत धरून १,१०,०००. कॅपिंग, डँपर, पंप, वायपर अशा झिजणाऱ्या भागांसाठी २५,०००. वाहतूक व जोडणी २०,०००. यूपीएस, अर्थिंग आणि वातानुकूलित बंद खोली यांसाठी ६०,०००. शाईचा पहिला भरणा आणि विनाइलचा प्रारंभिक साठा ६०,०००. बेरीज ६,२५,००० रुपये. साडेतीन लाखांचे यंत्र प्रत्यक्षात सव्वासहा लाखांना पडते. हेड कदाचित दोन वर्षे टिकेलही. परंतु त्याची तरतूद पहिल्या दिवशी हाताशी नसेल, तर ते बंद पडेल त्या दिवशी व्यवसायही थांबेल.

आता उत्पन्नाची बाजू. विनाइलची छपाई बाहेरून २२ रुपये चौरस फूट दराने होते आणि स्वतःकडे शाई व माल मिळून १२ रुपये खर्च येतो असे धरले, तर प्रत्येक चौरस फुटामागे १० रुपये वाचतात. यंत्र चालवणाऱ्याचे वेतन १८,०००, वीज ४,००० आणि दुरुस्तीची तरतूद ५,००० मिळून महिन्याचा स्थिर खर्च २७,००० रुपये होतो. सव्वासहा लाख रुपये ११ टक्के व्याजाने ३६ महिन्यांत फेडायचे ठरवले तर हप्ता सुमारे २०,५०० रुपये बसतो. एकूण ४७,५०० रुपये. दहा रुपयांच्या बचतीतून हा खर्च भागण्यासाठी महिन्याला ४,७५० चौरस फूट, म्हणजे २५ दिवसांच्या कामात रोज १९० चौरस फूट छपाई व्हावी लागेल.

दुकानातून सध्या रोज सरासरी ९० चौरस फूट काम बाहेर जाते असे समजू. त्यातून महिन्याला २२,५०० रुपये वाचतील. हप्ता तर दूरच, स्थिर खर्चही भागणार नाही. मुलगाच यंत्र चालवील, वेतन धरू नये, असे म्हटले तरी रोज ११८ चौरस फूट लागतात. शिवाय तो यंत्रापाशी बसल्यावर नवे काम आणायला कोण जाणार, हा प्रश्न उरतोच. घरच्या माणसाचे श्रम हिशेबात न धरणे ही व्यापारी कुटुंबांची जुनी सवय आहे. तिच्यामुळे तोट्याचा धंदाही वर्षानुवर्षे नफ्याचा भासतो.

गणेशोत्सव, निवडणुका, लग्नसराई या काळात काम दुप्पट होते, हे खरे. परंतु हप्ता बाराही महिने द्यावा लागतो. म्हणून सरासरी काढताना हंगामातील नव्हे, तर आषाढातील आकडा समोर ठेवावा.

हिशेब जुळत असेल तरच कोणते यंत्र, हा विचार सुरू करावा. फ्लेक्सच्या छपाईची दहा फुटी यंत्रे बहुधा सॉल्व्हंट शाईवर चालतात. कोनिका मिनोल्टाची ५१२ नोझलची हेड त्यांत मोठ्या प्रमाणावर आढळतात. फ्लेक्समध्ये दराची स्पर्धा तीव्र आणि नफा पातळ असतो. शाईचा वासही उग्र असतो. वर घर असलेल्या दुकानात असे यंत्र बसवणे म्हणजे घरातील मुलांना आणि वृद्धांना दिवसभर त्या वाफेत ठेवणे होय. पाट्या आणि स्टिकरच्या दुकानाला साधारणपणे ५४ किंवा ६४ इंची इको-सॉल्व्हंट यंत्र सोयीचे पडते. रोलँड, मिमाकी, म्युटोह या जपानी कंपन्यांची यंत्रे या वर्गात प्रसिद्ध असून काही यंत्रे छापून त्याच जागी कापणीही करतात. इको-सॉल्व्हंट शाईचा वास सौम्य असला तरी ती निरुपद्रवी नव्हे. हवा बाहेर नेणारा पंखा तिलाही हवाच. एचपीच्या लेटेक्स यंत्रांत पाण्यावर आधारित शाई असते आणि त्यांची हेड दुकानदाराला स्वतः बदलता येतात. मात्र शाई सुकवण्यासाठी उष्णता लागत असल्याने विजेचा भार अधिक येतो.

जुन्या यंत्राचा जीव हेडमध्ये असतो. इको-सॉल्व्हंट यंत्रांतील हेड पिझो पद्धतीची असतात. विजेचा स्पंद मिळताच त्यातील सूक्ष्म घटक वाकतो आणि शाईचा थेंब बाहेर ढकलतो. एप्सनच्या डीएक्स-५ या हेडमध्ये प्रत्येकी १८० नोझलच्या आठ रांगा, म्हणजे एकूण १,४४० छिद्रे असतात. शाई वाळली की ती तुंबतात. त्यामुळे मोटारगाडीच्या खरेदीतील नियम येथे उलटा लागू होतो. कमी चाललेली गाडी चांगली. परंतु महिनोन्‌महिने बंद पडून राहिलेले छपाई यंत्र, ते दिसायला कितीही नवे असो, रोज चालणाऱ्या जुन्या यंत्रापेक्षा अधिक धोक्याचे असते. ‘फारसे वापरलेच नाही’ हे विकणाऱ्याचे वाक्य ऐकून आनंद मानण्याऐवजी सावध व्हावे.

यंत्र पाहायला जाताना ते आधी सुरू करून ठेवू नये, अशी विनंती विकणाऱ्याला करावी. थंड यंत्र समोर सुरू करून पहिल्या प्रथम नोझलची चाचणी छापून घ्यावी. त्यानंतर प्रत्येक रंगाचा पूर्ण रुंदीचा, तीन-चार फूट लांबीचा भरीव पट्टा छापावा आणि लगेच दुसरी चाचणी घ्यावी. पहिल्या चाचणीत उमटलेल्या रेषा दुसऱ्या वेळी गळाल्या असतील, तर हेडपर्यंत शाई पुरेशी पोहोचत नाही. दोष डँपर, नळ्या किंवा पंपात असण्याचा संभव असतो. मग तासभर थांबून तिसरी चाचणी घ्यावी. या विश्रांतीत रेषा नाहीशा झाल्या, तर कॅपिंग नीट बंद होत नाही असे समजावे. हे दोष तुलनेने कमी खर्चात दूर होतात. परंतु दोन-तीन वेळा साफसफाई करूनही त्याच जागेवरील त्याच रेषा उमटत नसतील, तर हेडच बदलावे लागेल असे धरून किंमत बोलावी. तिन्ही चाचण्यांच्या कागदांवर तारीख घालून ते जपून ठेवावेत.

स्वतःचे विनाइल आणि स्वतःची फाइल सोबत न्यावी. फाइलमध्ये बारीक देवनागरी अक्षरे, हलक्या करड्या रंगाची फिकट होत जाणारी छटा आणि दहा फूट लांबीची सरळ रेषा असावी. अक्षरांच्या कडा दुहेरी दिसल्या तर हेडची जुळणी बिघडलेली असते. करड्या छटेत आडवे पट्टे उमटले तर नोझल किंवा माल पुढे सरकवणारी यंत्रणा तपासावी लागते. दहा फुटांची रेषा मोजपट्टीने प्रत्यक्ष मोजावी. दोन तुकडे जोडून करायच्या मोठ्या फलकात पाव इंचाचा फरकही लपत नाही. कॅरेज सरकताना खरखर येते का, एन्कोडर पट्टीवर ओरखडे आहेत का, पुढचे-मागचे हीटर तापतात का, हेही पाहावे. शाईच्या नळ्यांत मूळ शाई आहे की मिळेल ती ओतलेली आहे, हे विचारावे. वेगवेगळ्या प्रकारच्या शाया एकत्र आल्या तर गुठळ्या होऊन सारी यंत्रणा तुंबू शकते.

किती छपाई झाली याची नोंद अनेक यंत्रे स्वतःच ठेवतात. ती छापून मागावी. पण तेवढ्यावर थांबू नये. मागील वर्षभराची शाईखरेदीची बिले आणि दुरुस्तीच्या पावत्या मागाव्यात. यंत्राने किती काम केले आणि मधे ते किती महिने बंद होते, हे शाईची बिले स्पष्ट सांगतात. छपाईचे सॉफ्टवेअर डोंगलवर चालत असेल तर तो डोंगल व्यवहारात समाविष्ट असल्याचे लिहून घ्यावे. त्याच्याविना यंत्र मुके राहते. यंत्राचे उत्पादन थांबले असल्यास सुटे भाग मिळतात का आणि जवळच्या शहरात ते जाणणारा कारागीर आहे का, याची चौकशी विकणाऱ्याकडे नव्हे तर तेच यंत्र वापरणाऱ्या दुसऱ्या दुकानदाराकडे करावी.

आता कागदांचा प्रश्न. यंत्र कर्ज काढून घेतलेले असेल तर ते बँकेकडे नजरगहाण, म्हणजे हायपोथिकेटेड असते. यंत्र दुकानातच राहते, वापरातही असते. म्हणून वरवर पाहणाऱ्याला बोजा दिसत नाही. वस्तुविक्री कायदा, १९३० चे सामान्य तत्त्व असे की, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणून मूळ खरेदीचे बिल पाहावे, यंत्रावरील अनुक्रमांक त्याच्याशी ताडून घ्यावा, कर्ज फिटल्याचे बँकेचे ना-हरकत पत्र मागावे. ‘सेरसाई’ या केंद्रीय नोंदणी व्यवस्थेत अशा बोज्यांचा शोध घेण्याची सोय आहे. शुल्क अल्प असते.

विकणारा वस्तू व सेवा कर नोंदणीकृत असेल आणि यंत्राच्या खरेदीवर त्याने कराचे क्रेडिट घेतले असेल, तर विकताना त्याला कर भरावाच लागतो. घेतलेल्या क्रेडिटमधून प्रत्येक तिमाहीसाठी पाच टक्के-गुण वजा करून उरणारी रक्कम किंवा विक्रीमूल्यावरील कर, यांतील जी अधिक असेल ती भरणे बंधनकारक आहे. बिल न करण्याची सूचना अनेकदा यातूनच येते. बिल नाही म्हणजे खरेदीदाराला क्रेडिट नाही, घसारा नाही, विम्याचा दावा नाही आणि बँकेचे कर्जही नाही. रोखीचा मोहही असाच महाग पडतो. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांहून अधिक रोख देऊन घेतलेल्या मालमत्तेची तेवढी रक्कम आयकरात घसाऱ्यासाठी धरली जात नाही, आणि दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारणाऱ्यावर तितक्याच रकमेचा दंड होऊ शकतो.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोरीस प्रवृत्त करणे, चोरून आणलेला माल घेणे, राज्याच्या नियमांविरुद्ध व्यवहार करणे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सल म्हणून नकली वस्तू देणे. जुन्या यंत्राच्या बाजारात हे अतिचार आजही जसेच्या तसे भेटतात. बँकेचा बोजा लपवून विकलेले यंत्र, बिलाविना केलेला व्यवहार, मागे फिरवलेली छपाईची नोंद, धुऊन नवे म्हणून बसवलेले हेड. श्रावकाच्या आचारात हा नियम घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला सारखाच लागू होतो. आपले यंत्र विकताना त्यातील दोष आधी सांगणारा माणूस कदाचित वीस हजार कमी मिळवील. पण बाजारातील त्याचा शब्द शाबूत राहील.

‘घरातल्या घरात कागद कशाला’ या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. कागद हा अविश्वासासाठी नसून स्मरणासाठी असतो. सहा महिन्यांनी हेड बंद पडते, तेव्हा काय ठरले होते हे दोघांना वेगवेगळे आठवते, आणि ते वितुष्ट पुढे लग्नकार्यापर्यंत पोहोचते. परक्याशी व्यवहार बिघडला तर पैसा जातो. नात्यात बिघडला तर पैशासोबत माणूसही जातो. म्हणून नातलगाशी व्यवहार करताना कागद अधिक स्पष्ट असावा. त्यात यंत्राचा अनुक्रमांक, सोबतचे साहित्य, ज्ञात दोष, किंमत आणि रक्कम देण्याचे टप्पे लिहावेत. थोडी रक्कम विसार म्हणून, मोठा भाग यंत्र आपल्या जागेवर बसून चाचणी छापल्यावर, आणि दहा टक्क्यांच्या आसपास रक्कम महिनाभराने द्यावी. वाहतुकीत हेडची जुळणी बिघडू शकते. म्हणून विकणाऱ्याच्या दुकानातील चाचणी ही अंतिम चाचणी मानू नये. नेण्यापूर्वी नळ्यांतील शाई काढून साफसफाईचे द्रावण भरणे आणि कॅरेज बांधून ठेवणे जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे.

राहिला पैशाचा प्रश्न. कॅश क्रेडिटची मर्यादा माल आणि उधारी यांसाठी असते. ती यंत्रात घातली की यंत्र तर येते, पण उचल घेण्याची क्षमता वाढत नाही, कारण ती माल आणि येणे यांवरच मोजली जाते. मग विनाइलच्या व्यापाऱ्याचा धनादेश परत जातो आणि नव्या यंत्रापुढे छापायला माल नसतो. दीर्घकाळ चालणाऱ्या वस्तूसाठी दीर्घ मुदतीचाच पैसा हवा. प्रधानमंत्री मुद्रा योजनेत, जी ८ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाली, ‘किशोर’ गटात पाच लाखांपर्यंत आणि ‘तरुण’ गटात दहा लाखांपर्यंत कर्ज मिळू शकते. जुन्या यंत्रासाठी बँक सामान्यतः चार्टर्ड इंजिनिअरचे मूल्यांकन आणि यंत्राच्या उरलेल्या आयुष्याचा अंदाज मागते. हा त्रास वाटला तरी तो खरेदीदाराच्या हिताचा असतो, कारण त्रयस्थ माणसाने यंत्र पाहिलेले असते. बँक ज्या यंत्राला हात लावायला कचरते, त्यासाठी मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडणे हा धोका अधिक मोठा आहे. व्यवसायातील जोखीम व्यवसायाच्या पैशाने घ्यावी. घरातील ज्या रकमेवर आधीच कोणाचे तरी नाव लिहिलेले आहे, ती त्यात ओढू नये.

यंत्र आल्यावर आणखी एक जबाबदारी येते. साफसफाईत निघणारी शाई आणि द्रावण गटारात ओतण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते बंद डब्यात साठवून अधिकृतपणे विल्हेवाट लावणाऱ्याकडे द्यावे. जीवदया पांजरपोळापुरती मर्यादित नसते. दुकानामागच्या नाल्यापर्यंतही ती पोहोचली पाहिजे.

वरील दुकानाने आज काय करावे? रोज ९० चौरस फुटांच्या कामावर साडेतीन लाखांचे यंत्र घेऊ नये, मग ते नात्यातील असो वा परक्याचे. त्याऐवजी सहा महिने एक साधी वही ठेवावी. बाहेरून करून घेतलेल्या प्रत्येक छपाईची तारीख, चौरस फूट, दर आणि उशीर झाल्यास त्यामुळे गेलेले काम, एवढेच तीत लिहावे. त्या काळात आसपासच्या दोन-तीन रेडियमवाल्यांकडून किती छपाई मिळू शकेल याची बोलणी करावीत. परिग्रहाचे परिमाण श्रावक आधी ठरवतो, वस्तू नंतर पाहतो. यंत्राच्या बाबतीतही तसेच करावे: रोज किती चौरस फूट काम झाले म्हणजे घ्यायचे, सर्व खर्च धरून जास्तीत जास्त किती रक्कम गुंतवायची आणि कोणत्या पैशाला हात लावायचा नाही, हे तीन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून वडील आणि मुलाने त्याखाली सह्या कराव्यात. सहा महिन्यांनी वही त्या आकड्यांपर्यंत पोहोचली, तर बाजारात जुन्या यंत्रांना तोटा नाही. पोहोचली नाही, तर मुलीची ठेव जागेवर असेल आणि दुकानही.